मैनेच्या चाकांतली किंचाळी

मैना किंचाळायची ती नेमकी थांबताना. घाटातून भरधाव उतरताना ती मुकाट असायची, वळणांवरही मुकाट. पण थांबा आला, चाकं आता थांबणारच, एवढ्यात त्यांतून असा काही आवाज निघायचा की रस्त्यावरच्या म्हशी उधळायच्या आणि कोपऱ्यावरच्या घरातलं तान्हं बाळ दचकून रडायला लागायचं.

मैना ही आंबोशी गावाची सामाईक गाडी. विजेवर चालणारी, बिनचालकाची, बोलकी आणि अंमळ आढ्यताखोरसुद्धा. शाल्मली बालवाडीत होती तेव्हापासून मैनाच तिला घाटापलीकडच्या शाळेत न्यायची आणि वाटेत तिच्याकडून पाढे पाठ करून घ्यायची. सतराचा पाढा शाल्मलीला शाळेने नाही, मैनेने शिकवला होता. त्यामुळे सरपंच वसुधाकाकूंनी जेव्हा जाहीर केलं की, "दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी मैना वेशीवर आवाज न करता थांबली तर ठीक, नाहीतर तिला शहरातल्या आगारात परत पाठवू," तेव्हा काहीतरी करायलाच हवं, असं शाल्मलीने ठरवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं बाहेर निघाली. गंज खरवडून, खोबरेल चोळून शाल्मलीने कोयता, पहार आणि तात्यांचे पाने-पक्कड अगदी लखलखीत केले. तात्या म्हणजे तिचे आजोबा. ते धातुशास्त्रज्ञ होते (लोखंड, तांबं अशा धातूंचे गुणदोष अभ्यासणारे). आजीने हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. रात्री त्यांच्याच अंगणात मुक्कामाला असणाऱ्या, धुतलेल्या-पुसलेल्या मैनेलाही झेंडूची माळ मिळाली.

पूजा आटोपली तरी बुधल्यात खोबरेल उरलं होतं. ते पाहून शाल्मलीच्या डोक्यात प्रकाश पडला. निदान तिला तरी तो प्रकाश वाटला. कोयत्याला तेल, करकरणाऱ्या दाराला तेल, झोपाळ्याच्या कड्यांना तेल, मग किंचाळणाऱ्या चाकांना का नको? चाकाच्या फटींतून आत एक तांबूस झालेली लोखंडी तबकडी दिसत होती. शाल्मलीने काठीला चिंधी बांधली आणि चारही चाकांच्या तबकड्या तेलाने न्हाऊ घातल्या.

"मैने, जरा पुढे ये बघू. अगदी हळू."

मैना पुढे आली. आवाज अजिबात झाला नाही. शाल्मली टाळी वाजवणार, तोच तिच्या लक्षात आलं की मैना थांबतही नाहीये.

"मैने, थांब की."

"थांबतेच आहे मी," मैना म्हणाली, "पण थांबणं होत नाहीये," आणि आजीने तोरणांसाठी रचलेल्या झेंडूच्या ढिगात ती अलगद जाऊन रुतली.

तात्या बाहेर आले. त्यांनी चाकापाशी वाकून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि नातीकडे पाहिलं. "खोबरेल?"

शाल्मलीने मान खाली घालून सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू फुटलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. आता तर मैना थांबतही नव्हती.

"अगो, रडतेस कशाला? अंगणात कळलं हे नशीब समज. घाटात कळलं असतं तर?" तात्यांनी बाह्या सरसावल्या. "थांब, पाना आणतो."

"पाना मिळायचा नाही," आजी ओट्यावरून म्हणाली. तिचा डोळा चेंगरलेल्या झेंडूंवर होता. "उद्या उत्तरपूजा होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. आणि त्या गाडीचीसुद्धा आज पूजा झालीय, तिला हलवलंत कशाला?"

आजीपुढे तात्यांचं विज्ञान चालत नसे. ते हसले आणि पायरीवर बसले. "ठीक आहे. आज हात बांधलेले आहेत, तर डोकं चालवू. शाल्मली, पाण्याचा काचेचा पेला आण."

पेला आला. तात्यांनी बोट ओलं करून त्याच्या कडेवर फिरवलं. पेला बारीक आवाजात गायला लागला.

"बोट काचेवर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, पुन्हा सुटतं. एका सेकंदात शेकडो वेळा. त्याने पेला थरथरतो आणि ती थरथर आपल्याला ऐकू येते. आता ही तबकडी बघ. हिला रोटर म्हणतात (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती). ब्रेक लावला की दोन पॅड (घासून वेग कमी करणाऱ्या जाड पट्ट्या) तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. त्यांच्या घर्षणाने, म्हणजे एकमेकांवर घासण्याने, गाडी थांबते. रोटर गुळगुळीत असला तर पॅड नीट घासतात. गंजून खरबरीत झाला की चिकटतात, सुटतात, आणि..."

"आणि रोटर किंचाळतो," शाल्मली म्हणाली. "म्हणजे तेल घातल्यावर घर्षणच गेलं! मग गाडी थांबणार कशी?"

"दाराला घर्षण नको असतं, ब्रेकला तेच हवं असतं. तेल पॅडमध्ये मुरलंय, त्यामुळे ते आता बाद. माझ्याकडे नवे आहेत."

शाल्मलीने डोळे पुसले. पण एक गोष्ट तिला अजून खुपत होती. "तात्या, पण ही घाटात का नाही किंचाळत? तिथे तर ब्रेक जास्त लागतो."

तात्यांचा चेहरा उजळला. "हे तिलाच विचार."

"घाटात मी पॅड वापरतच नाही," मैना झेंडूतून ऐटीत म्हणाली. "उतारावर मी माझी मोटर उलट कामाला लावते. चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते, ती बॅटरीत जाते आणि त्या ओढीने वेग कमी होतो. फुकटची वीज. अगदी थांबायच्या वेळी मोटरची ओढ कमी पडते, तेवढ्यापुरते पॅड लावते. तेही नाइलाजाने."

शाल्मली वाकून रोटरकडे बघू लागली. "म्हणजे तुझे रोटर दिवसभर नुसते बसून असतात? आणि हवा आपली समुद्राची, खारी, दमट..."

"लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज," तात्या म्हणाले. "मिठाने तो आणखी लवकर धरतो. इतर गाड्यांचे पॅड घासून घासून रोज तो पातळ गंज पुसून टाकतात. हिने काटकसरीपायी पुसलाच नाही. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा."

"मला बैल नाही," मैना म्हणाली, पण आवाज जरा उतरला होता.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होताच आजीने स्वतः पाना तात्यांच्या हातात दिला. चाकं निघाली. शाल्मलीने ब्रेक साफ करायच्या द्रवाने तेल धुतलं आणि काचपेपरने गंज घासला. तात्यांनी रोटरवरून नख फिरवून पाहिलं. खोल खड्डे असते तर रोटरच बदलावे लागले असते, सुदैवाने नव्हते. नव्या पॅडच्या फक्त पाठीला त्यांनी खास वंगणाचा पातळ थर दिला, म्हणजे तिथली थरथर कमी होईल. "घासणाऱ्या बाजूला एक थेंबही नाही," हे त्यांनी शाल्मलीकडे बघून सांगितलं आणि तिने कान पकडले.

मग मिठागरांकडच्या मोकळ्या रस्त्यावर खरी शिकवणी झाली.

"वीज वाया जाईल," मैना कुरकुरली.

"जाऊ दे," शाल्मलीने दरडावलं. "मोटरची ओढ बंद कर आणि पॅड लाव. सतराच्या पाढ्याला तू मला सोडलं होतंस का?"

मैनेने वेग घेतला आणि पॅड लावले. खर्रर्र! पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. खरखर जराशी विरली. रोटर गार व्हायला मध्ये थोडं दमाने जायचं, मग पुन्हा. हळूहळू तांबूस तबकड्या चकचकीत होत गेल्या आणि आवाज इतका मऊ झाला की शाल्मलीला कान द्यावा लागला.

संध्याकाळी सगळं आंबोशी आपट्याची पानं घेऊन वेशीवर जमलं होतं. काहींनी आधीच कानांत बोटं घातली होती. शाल्मली मैनेत बसली होती. उतार आला, वेस आली, मैनेने वेग कमी केला आणि आखलेल्या रेषेवर ती थांबली.

वसुधाकाकू अजून कानांत बोटं घालून, रस्त्याकडे पाठ करूनच उभ्या होत्या. "अहो तात्या, कुठे राहिली तुमची गाडी? अंधार व्हायला आला."

"काकू, आम्ही इथेच आहोत," शाल्मली खिडकीतून ओरडली.

काकूंनी वळून पाहिलं, कानांतली बोटं काढली आणि मोठ्याने हसल्या. मग पुढे होऊन त्यांनी आपट्याचं पहिलं पान मैनेच्या काचेला लावलं. "सोनं घे आणि आंबोशीतच राहा."

परतीच्या वाटेवर तात्याही गाडीत बसले, आणि मैनेने किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांतल्या आपल्या बहिणींना निरोप धाडला, की रोज सकाळी थोडे खरे ब्रेक लावत जा, थोडी वीज गेली तर जाऊ द्या.

"तात्या," शाल्मलीने विचारलं, "पॅडला नीट धरेल आणि खाऱ्या हवेत गंजणारही नाही, असा रोटर करता येईल?"

"पुष्कळ जण शोधतायत. पुरता कुणाला जमलेला नाही," तात्या म्हणाले. "मलाही नाही जमला."

"मग सुरुवात कुठून करायची?" शाल्मलीने विचारलं, आणि घर येईपर्यंत तात्या बोलत राहिले. मैना मुद्दाम हळू चालत होती.