चांगल्या गल्लीतली आठ दारं

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्याने खुशाल तसं समजावं, मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे आणि तिनेच मला सांगितली आहे. तीही एकदाच.

आणि रात्रीची नाही, हे आधीच सांगतो. मंगळवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. बाहेर डोळे दिपतील असं ऊन.

मावशी नर्स आहे. आयसीयूतली, कायमची नाइट ड्युटी. काका गेल्यापासून घरात ती आणि तिची तेरा वर्षांची मुलगी. आम्ही तिला खारू म्हणतो, कारण ती एका जागी म्हणून बसत नाही. मावशीला नव्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि दोघी बाडबिस्तरा बांधून निघाल्या.

घर बघताना मावशीने एजंटला रडवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"बाई, तुम्ही घर बघताय की गुन्हेगार शोधताय?" तो शेवटी म्हणाला.

"दोन्ही. मी रात्रभर बाहेर असते, पोरगी घरात एकटी असते."

तिची एक पद्धत होती. दिवसा कुठलीही वस्ती बघायची नाही. दिवसा चोरसुद्धा सभ्य दिसतो म्हणायची. बघायचं ते आपल्या ड्युटीच्या वेळेला. रात्री साडेनऊला जाऊन दिवे मोजायचे, सकाळी सातला परत जाऊन बायका एकट्या चालतात का ते बघायचं. असे तीन भाग तिने नापास केले.

चौथी ही गल्ली. एका रांगेत आठ घरं, समोर गोदामाची लांबच लांब भिंत. सगळे दिवे चालू, कुठे टवाळ पोरं नाहीत. पाचवं घर रिकामं होतं.

पहिल्या घरात गल्लीचे अध्यक्ष राहायचे. ते म्हणाले, "आमच्या गल्लीत काही होत नाही."

सहाव्या घरातल्या काकू म्हणाल्या, "आमच्या गल्लीत काही होत नाही."

कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, "त्या गल्लीत काही होत नाही."

एवढ्यावर थांबेल तर ती मावशी कसली. ती पोलीस चौकीतही जाऊन आली. कित्येक वर्षांत त्या गल्लीची एक तक्रार नव्हती.

दुपारी मात्र ती तिथे एकदाही गेली नाही. रात्रपाळी करणाऱ्याची दुपार झोपेत जाते. आपण झोपतो तेव्हा बाकीचं जग जागं असतं आणि आपली पोरगी त्या जगात चालत असते, हे हुशार बाईच्या लक्षातच आलं नाही.

तीन आठवडे सुरळीत गेले. मावशी सकाळी यायची, कानात कापसाचे बोळे घालून झोपायची. खारू साडेचारला शाळेतून यायची, आपल्या किल्लीने दार उघडायची.

मग एका सुट्टीच्या दिवशी मावशी दुपारी जागी राहिली.

चार वाजले. गल्लीत खिडक्या लागायला लागल्या. एक... दुसरी... तिसरी. वारा नव्हता. माणसं लावत होती.

मग कुणीतरी टीव्ही मोठा केला. कुणी पाण्याचा पंप लावला. शेजारी काकूंनी मिक्सर सुरू केला. मावशीने कान दिला. मिक्सर रिकामा फिरत होता...

सगळी गल्ली मिळून आवाज करत होती.

आणि त्या आवाजाच्या खाली... कुणीतरी दार वाजवत होतं.

पहिलं घर. तीन थापा. उघड्या हाताने.

मग दुसरं. मग तिसरं.

रांगेने पुढे येत होतं. कुठेच कडी निघाल्याचा आवाज नाही. चौथं घर...

मग मावशीचं दार.

तिने छिद्रातून पाहिलं. बाहेर ऊन आणि गोदामाची भिंत. माणूस नाही. आणि दार हलत होतं. कमरेच्या उंचीवर.

तिने झटकन दार उघडलं. कुणी नव्हतं. थापा सहाव्या दारावर गेल्या होत्या, आणखी खालून. सातव्या दारावर गुडघ्याएवढ्या. आठवं घर वर्षानुवर्षं कुलूपबंद होतं. तिथे थाप पडली ती उंबऱ्याशी. एकच.

मग टीव्ही बारीक झाला. मिक्सर थांबला. खिडक्या उघडल्या.

मावशीला कुणी काही सांगायची गरज नव्हती. वीस वर्षं आयसीयूत काढलेली बाई ती. उभं माणूस दारागणिक खाली खाली कधी येतं, ते तिला ठाऊक होतं. अंगातलं रक्त जात असतं तेव्हा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच अनवाणी अध्यक्षांच्या घरी गेली. काकूही मागोमाग आल्या.

"कोण होतं ते?"

अध्यक्षांनी आधी चष्मा पुसला. मग सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी आठव्या घरात एक मुलगी भाड्याने राहायची. कामावरून येताना एक माणूस तिच्या मागे लागला. गल्लीच्या तोंडाशी त्याने तिला भोसकलं. दुपारी चार वाजता. ती प्रत्येक दार वाजवत आपल्या घरापर्यंत गेली. तिथे घरमालक आत होते, त्यांनीही उघडलं नाही.

"आणि तुम्ही?"

"आम्हाला काय माहीत काय भानगड आहे? पोरीबाळी होत्या घरात," काकू म्हणाल्या.

"पोलिसांकडे नोंद का नाही?"

"नोंद आहे," अध्यक्ष म्हणाले. "हमरस्त्यावर सापडली म्हणून. आम्हीच तिथे... सिस्टर, गेलेली काही परत येणार नव्हती. गल्लीचं नाव कशाला खराब करायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही दार उघडू नका, पाच मिनिटांत संपतं. सवय होते."

"तिला उचलून रस्त्यावर टाकायला तुमची दारं उघडली होती म्हणजे."

काकू पाठ फिरवून घरी गेल्या. ती गल्लीची जुनी सवय होती.

नाव मोठं, लक्षण खोटं. मला आजही त्या लोकांचा राग येतो. पण पुढचं सांगताना माझी पंचाईत होते, कारण पुढे मला मावशीचाच राग येतो.

तिने घर सोडायचं ठरवलं, पण खारूची परीक्षा तोंडावर होती. महिनाभर काढायचा होता. तिने खारूला बजावलं की पाच वाजेपर्यंत शाळेच्या वाचनालयात बसायचं, त्याआधी गल्लीत पाऊल टाकायचं नाही. का, ते सांगितलं नाही. आणि स्वतः मात्र रोज चार दहाला दार उघडून उभी राहू लागली. निदान एक तरी दार उघडं असावं म्हणून.

काही उपयोग झाला नाही. थापा यायच्या, पुढे जायच्या. झोपेचं खोबरं झालं. पाचव्या रात्री ड्युटीवर तिच्या हातून एका पेशंटचं औषध चुकता चुकता राहिलं. सहाव्या दिवशी तिने कानात बोळे घातले आणि चादर ओढून घेतली.

सवय होते, म्हणाले होते ना. झाली.

मग तो मंगळवार आला. परीक्षेचा पेपर होता, शाळा लवकर सुटली. वाचनालय बंद. आणि पेपरच्या धांदलीत खारूची किल्ली घरीच राहिली होती.

चार दहा. खिडक्या लागल्या. मिक्सर सुरू झाला...

मावशी अर्धवट झोपेत होती. बोळ्यांतूनही थापा येत होत्या. पहिलं घर. दुसरं. तिसरं. चौथं.

मग तिचं दार. तीन थापा... मग आणखी तीन... मग आणखी.

एरवी तीनच असायच्या. आणि एरवी कमरेशी असायच्या. आज वर होत्या, खांद्याशी.

मावशीने फरक ऐकला. तिला तो कळला. तिने मला हे डोळ्यात डोळे घालून सांगितलं.

आणि ती उठली नाही. तिने कूस बदलली.

थापा थांबल्या. ती सहाव्या दाराची वाट बघत पडून राहिली. सहाव्या दारावर थाप पडलीच नाही...

मग मात्र ती ताडकन उठली.

पायरीवर खारूचं दप्तर पडलं होतं.

गल्ली रिकामी. आत मिक्सर, पंप, टीव्ही. मावशी सहाव्या दारावर धावली. "काकू, उघडा. माझी पोरगी." मग सातवं. मग उलट फिरून चौथं, तिसरं, दुसरं, पहिलं. उघड्या हाताने, जीव खाऊन वाजवलं. नाव घेऊन हाका मारल्या.

एकानेही उघडलं नाही. काकूंनी मिक्सरचं बटण आणखी पुढे फिरवलं, तेवढं ऐकू आलं.

ती वळली, तेव्हा रांगेच्या शेवटी आठवं दार दिसलं. उघडं होतं.

कुलूप पायरीवर पडलेलं. गंजलेलं, लागलेलं, जसंच्या तसं.

आत बोटभर धुळीत खारू भिंतीला टेकून बसली होती. हातपाय धड होते. मावशीने तिला असं धरलं की तिच्या दंडावर वळ उठले.

बस थांब्यापासून एक माणूस मागे होता, खारू म्हणाली. ती पळाली. एक एक दार वाजवत आली. तो गल्लीत शिरला होता.

"मग शेवटच्या घरातल्या ताईने दार उघडलं, आई. मला आत घेतलं आणि स्वतः दारात उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पळतच सुटला."

"कुठे आहे ती?"

खारूने इकडे तिकडे पाहिलं. धुळीत फक्त त्या दोघींची पावलं होती.

त्याच संध्याकाळी दोघींनी गल्ली सोडली. तो माणूस कोण होता, कुठे गेला, कधी कळलं नाही. पोलिसांत मावशीने दोन्ही तक्रारी लिहून दिल्या, आजची आणि अकरा वर्षांपूर्वीची. गल्लीतल्या बाकी सहाही घरांनी जबाब दिला की आम्ही काही ऐकलं नाही.

हे सगळं होऊन दोन वर्षं झाली. मावशी आता दुपारी झोपत नाही. दिवसाची ड्युटी मागून घेतली तिने. सुट्टीच्या दिवशी दार सताड उघडं ठेवून समोर खुर्ची टाकून बसते. मी म्हटलं, "मावशी, पोरगी सुखरूप आहे. आता पुरे."

तेव्हा तिने मला उरलेलं सांगितलं.

टॅक्सीत खारू तिच्या कुशीत शिरून बोलत होती. ती म्हणाली, "मी ताईला म्हटलं, आई झोपली असेल, तिच्या कानात बोळे असतात. तर ताई म्हणाली, नाही गं, जागी आहे. आत्ताच कूस बदलली तिने."

जागी होतीस तर उठली का नाहीस, हे खारूने तेव्हा विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

ती कधीतरी विचारेल. मावशी त्याची वाट बघत बसलेली असते.