लेथच्या चावीचे चार टाके

खण्ण!

लेथमधून सुटलेल्या लोखंडी चावीने आधी राजाराम आजोबांचं कपाळ फोडलं, मग खिडकीची काच फोडली, आणि शेवटी शेजारच्या धोंडिरामकाकांची तुळशीची कुंडी फोडून ती गप्प झाली.

"खून पाडताय का माझा?" कुंडीपासून बारा हात लांब उभे असलेले काका गरजले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. "उद्याच्या उद्या हे मशीन भंगारात! नाहीतर मी घण घालीन!"

आजोबा अडतीस वर्षं कारखान्यात टर्नर होते, लेथवर धातू फिरवून कापायचे. निवृत्तीनंतर चारकोपच्या घरात, मागच्या खोलीत त्यांनी हौसेने जुनं लेथ बसवलं होतं. कपाळाला चार टाके घेऊन ते नातीला म्हणाले, "काम पकडणारा जबडा चावीने आवळला की चावी काढून खिळ्याला टांगायची, श्रुतिका. राहिली तर मशीन फिरताच गोळीसारखी उडते. कधी चुकलो नाही गं. आता हात विसरायला लागला. जाऊ दे मशीन."

श्रुतिकाला ते टाक्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुट्टी होतीच. भंगारवाला संध्याकाळी येणार असं ठरलं होतं. श्रुतिका आणि तिचे दोस्त केतन आणि प्रांजल सकाळीच लेथखाली शिरले.

"रक्त आहे का गं?" केतनने आशेने विचारलं.

"गप रे! धातूचा कीस आहे. पिवळा!" श्रुतिका म्हणाली.

"पितळेचा!" प्रांजल किंचाळली. "पण आजोबा तर लोखंडच कापतात ना?"

"म्हणजे आजोबा दुपारी झोपले की दुसरंच कुणीतरी येतं, आणि चावी जबड्यातच विसरून जातं!" श्रुतिका म्हणाली. "खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

तिघांनीही शेजारच्या घराकडे पाहिलं.

दुपारी आजोबा घोरू लागले. तिघं टेबलाखाली दबा धरून बसले. श्रुतिकाने मेन स्विच आधीच बंद केला होता. दार करकरलं. धोंडिरामकाका आले, काखेत मोडकी पितळी समई! मशीन जायच्या आत दांडा घासून घ्यायचा होता. त्यांनी तो जबड्यात आवळला, चावी तिथेच ठेवली आणि बटण दाबलं.

काहीच नाही. काकांनी मशीनला लाथ घातली. मशीन हललं नाही, अंगठा हलला.

"काका, चावी!" श्रुतिका ओरडली.

"कार्ट्यांनो!" काका कोपऱ्यातला हातोडा उचलून धावले. प्रांजलने टेबलाखालचे गोल गज सोडले, गडगड गडगड! काका हवेत, हातोडा फळीवर, फळीवरचा पत्र्याचा डबा काकांच्या कपाळावर!

चार टाके. आजोबांइतकेच.

संध्याकाळी एकसारख्या पट्ट्या बांधलेले दोन म्हातारे समोरासमोर बसले.

"चुकलं, राजारामभाऊ," काका पुटपुटले. "भंगारवाल्याला परत पाठवलंय."

"माझंही चुकलं. खिळा रिकामा होता, मी न बघताच बटण दाबलं." आजोबांनी काकांकडून खोलीची किल्ली काढून घेतली. "पोरांनो, तुम्ही माझे हात परत दिलेत!"

मग समई जबड्यात बसली. आजोबांनी ती आवळली, चावी काढली आणि खिळ्याला न टांगता श्रुतिकाच्या हातात दिली.

"ही तू धर. तू 'हो' म्हटल्याशिवाय बटण नाही."

श्रुतिकाने आधी काकांना दाराबाहेर उभं केलं. मग म्हणाली, "हो!"