गाळापलीकडचा पिंपळ

वैशाखी पौर्णिमेच्या आत पिंपळापाशी पोचायचं, त्याच्या बुंध्याला पाठ टेकून तीन दिवस मौनात बसायचं आणि मगच परत फिरायचं, एवढं एकच भानुदासनं ठरवलं होतं. पण तो पिंपळ उभा होता उजनीच्या पोटात!

धरणाचं पाणी चढलं तेव्हा इंदापूर तालुक्यातलं भीमेकाठचं त्याचं गाव बुडालं. गावाबाहेरच्या टेकाडावरचा पिंपळही बुडाला. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन आल्यावर वस्तीतल्या माणसांनी तो लावला होता. तेव्हा एकवीस वर्षांच्या भानुदासनं त्याला नदीवरून घागरी वाहून पाणी घातलं होतं. पुढं तो वालचंदनगरला नोकरीला लागला, तिथल्याच क्वार्टरमध्ये संसार केला आणि निवृत्तही झाला. मग त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं, की टेकाड पुन्हा उघडं पडलं. वाळका पिंपळ अजून उभा आहे, असं मासेवाले सांगू लागले.

भानुदासला त्या पिंपळाची ओढ लागायला कारण होतं. जानेवारीत त्याची बायको भागुबाई गेली. तो रडला नाही. अकरा वर्षं ध्यान करत होता. तिला नेलं त्या दिवशीही आसन घालून बसला. लोक म्हणाले, काय ही समता! पण त्यानंतर त्याच्या आतलं सगळंच निपचित पडलं. भाकरीला चव लागेना. दारातल्या चिमण्या ओरडत, पण त्या कुठंतरी दुसऱ्याच गावात ओरडतायत असं वाटे. डोळे मिटले की श्वास येई-जाई, पण तो आपला आहे असं वाटत नसे. चार भिंतींत हे सुटणार नाही, उघड्या मातीवर, वाऱ्यात, पाण्याशेजारी बसलं पाहिजे, असं त्यानं मनाशी घेतलं.

मुलगी अनिता बारामतीच्या एका दवाखान्यात नर्स होती. बापाला एकटं सोडायला ती तयार नव्हती. तिनं रजा टाकली, पाण्याचे दोन कॅन, दोर, भाकऱ्या आणि सावलीसाठी एक कापड बांधून घेतलं. ते कापड म्हणजे भागुबाईचं वंदनेला नेसायचं पांढरं लुगडं होतं.

वाट दाखवायला झुंबर होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला हा मासेमार हातातल्या लांब बांबूनं गाळ टोचत पुढं चालला होता.

"तात्या, माज्या पावलावरच पाऊल टाका. वर पापुद्रा हाय, खाली निस्ता लगदा. म्हस गेली तर शिंगंबी दिसायची न्हाईत!"

सकाळच्या उन्हात दोन मैल गाळ पसरला होता. भेगाळलेला, राखाडी, कुठं गवताची काडी नाही. मधेच जुन्या घरांचे दगडी पाये डोकं वर काढत. एका ठिकाणी जात्याची तळी उलटी पडली होती. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा मान खाली घालून चरत होता. भानुदास आपल्या गावठाणातून चालत होता, पण कुठली गल्ली कुणाची हे त्याला ओळखू येईना. शेवटी नदीची धार लागली. तिथं बांधून ठेवलेली होडी वल्हवत झुंबरनं दोघांना पलीकडं टेकाडाच्या दक्षिणेला उतरवलं.

"पाण्याला ह्याच अंगानं उतरायचं," तो अनिताला बजावून म्हणाला. "उत्तरंला जुना नाला गाळानं भरलाय. तिकडं चुकूनबी जायाचं न्हाय, ताई. पुनवंच्या सांजंला येतो."

होडी लहान होत होत दिसेनाशी झाली.

पिंपळ होता! दोन पुरुष उंचीचा, पांढुरका, सालीवर सुकलेला चिखल आणि गोगलगाईंचे शंख. पान एकही नाही. भानुदासनं बुंध्यावर हात ठेवला. मग लुगडं फांद्यांना बांधलं आणि त्याखाली आसन घातलं.

पहिला दिवस गेला. ऊन अंगावर निखारे ओतत होतं, वारा गरम होता, टिटवी ओरडत होती. भानुदास बसला, उठला, पुन्हा बसला. काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. अनिता थोड्या अंतरावर बसून त्याचा सुकलेला चेहरा पाहत होती. दुपारी तिनं न राहवून विचारलं, "आबा, बरं वाटतंय का?"

मौन मोडून तो म्हणाला, "झाडासारकंच झालंय माजं. उभा हाय, एवढंच."

तीनच्या सुमारास पश्चिमेकडं आभाळ तांबडं झालं. वारा एकदम थांबला. टिटवी गप्प झाली. पाण्यावरचा रोहितांचा थवा एकाएकी उठला आणि पूर्वेकडं निघून गेला.

"आबा, वादळ येतंय!"

ते आलंच! धुळीची भिंत गाळावरून धावत आली आणि टेकाडावर आदळली. डोळे उघडेनात. कॅन गडगडत खाली गेला. लुगड्याची एक गाठ सुटली, मग दुसरी. कापड फडफडत वर उडालं आणि वावटळीत गिरकी घेऊन उत्तरेकडं उतरणीला लागलं.

"तिचं लुगडं!" भानुदास उठला आणि धावला.

"आबा! तिकडं न्हाई! आबा!"

त्याला ऐकू आलं नाही. लुगडं दहा हातांवर जमिनीला टेकलं. त्यानं झेप घेतली. पापुद्रा फुटला! गुडघ्यापर्यंत पाय गेले. लुगडं पुन्हा उडालं आणि धुळीत नाहीसं झालं. त्यानं उजवा पाय उपसायला जोर लावला, तर डावा मांडीपर्यंत गेला. मग दोन्ही. मग कंबर.

अनिता उताराच्या कडेला येऊन थबकली. "हलू नका! मागं रेला, आडवे व्हा!"

पण अकरा वर्षांची साधना त्या क्षणी कुठल्या कुठं गेली होती. तो हात आपटत होता, ओरडत होता, चिखल ओरबाडत होता. जितका झुंजत होता तितका खाली जात होता. अनितानं दोर फेकला. दोन हात कमी पडला! ती पोटावर सरपटत पुढं गेली. तिचेही कोपर रुतले. कशीबशी मागं आली. अंगाखाली घ्यायला एक फळी नाही, काही नाही.

तिनं वळून पिंपळाकडं पाहिलं.

"न्हाय!" भानुदास ओरडला. "झाडाला हात लावू नगं! अने, त्याला हात लावू नगं!"

तिनं ऐकलं नाही. ती फांदीला लोंबकळली. कड्! फांदी मोडली. दुसरी मोडली. मग तिनं बुंध्याला खांदा लावला. मुळं केव्हाच कुजली होती. वाऱ्याचा जोर आणि तिचा जोर एक झाला आणि सदतीस वर्षांचा पिंपळ कण्हत आडवा पडला. पोकळ बुंधा ती उतारावरून लोटत लोटत गाळापर्यंत घेऊन आली. फांद्या आडव्या टाकल्या, त्यावर बुंधा सरकवला आणि त्यावर पालथी पडून ती पुढं सरकू लागली.

गाळ छातीपर्यंत आला होता. भानुदासनं झाड पडताना पाहिलं आणि त्याच्या आतलं काहीतरी तुटलं. "भागू!" त्याच्या तोंडून निघालं. "भागू गं!" तो हमसून हमसून रडू लागला. चार महिन्यांचं साचलेलं रडं! त्या रडण्यानं हातापायांतला जोर गेला आणि झुंजणं आपोआप थांबलं. बुडणंही थांबलं.

"असंच, आबा. असंच ऱ्हावा." अनिताचा हात त्याच्या काखेत गेला. दोर आवळला. "आता श्वास घ्या. सावकाश. आत... बाहेर..."

गाळ चहूबाजूंनी छाती आवळत होता. प्रत्येक श्वास गाळाला ढकलून, त्याच्याकडून मागून घ्यावा लागत होता. आत आलेली हवा ओल्या मातीच्या, कुजक्या शेवाळाच्या, सडलेल्या माशांच्या वासाची होती. किती दिवसांनी त्याला वास आला होता! तो मागं रेलला. बोटभर पाय सुटला. पुन्हा श्वास. पुन्हा बोटभर. किती वेळ गेला कुणास ठाऊक! शेवटी गाळानं त्याला फचकन सोडलं आणि बापलेक पिंपळाच्या बुंध्यावरून सरपटत कडेला आले.

वादळ ओसरलं. दोघं उघड्या टेकाडावर चिखलानं माखून पडून होती. गाळातून बुडबुडे फुटत होते, तो आवाज भानुदासला स्पष्ट ऐकू येत होता. कडेला एक खेकडा बिळातून बाहेर येऊन नांग्या पुसत होता. पाण्याचा, मातीचा, पाखरांचा प्रत्येक आवाज थेट आत येत होता, आणि प्रत्येक आवाज दुखत होता.

सूर्य कलला तेव्हा झुंबरची होडी आली. तो धावतच वर चढला.

"पांढरं लुगडं पान्यावरनं उडत चाल्लेलं बघितलं, तवाच वळखलं काय तरी इपरीत झालंय. पर लाटा बसस्तोवर होडी घालवंना."

"लुगडं कुठं हाय?" भानुदासनं विचारलं.

"बुडालं, तात्या. माज्या डोळ्यांदेखत."

भानुदासनं मान हलवली. अनिता म्हणाली, "आबा, पौर्णिमा उद्याच आहे. तुम्हाला बसायचं असेल तर मी थांबते."

तिचे तळवे सोलून निघाले होते. भानुदास त्यांच्याकडं बघत राहिला. "नगं," तो म्हणाला. "जाऊ घरी."

होडी धारेत आली. तांबूस पाण्यावर वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज होत होता. भानुदास काठाकडं पाहत होता. मग लेकीकडं न बघताच त्यानं विचारलं, "अने, तुजी आई गेली तवा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात डोळं मिटून बसलो हुतो. आत तू एकलीच हुतीस. शेवटाला काय म्हनली ती?"

चार महिने अनितानं हा प्रश्न कुणी विचारण्याची वाट पाहिली होती.

"मी तुम्हाला हाक मारायला निघाले होते," ती म्हणाली. "आईनं माझा हात धरला. म्हणाली, उठवू नगं त्यांला. लई दिसांनी त्यांचं ध्यान लागलंय."

झुंबरनं वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर घेतलं. भानुदासनं दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत.

"लागलं नव्हतं, पोरी," तो म्हणाला. "मला आत यायचं भ्या वाटत हुतं."