शेवटी लावलेलं पान

वाचनालयाच्या जिन्याच्या वळणावर दोघं एकमेकांवर आदळली. त्याच्या हातात हनुवटीपर्यंत पुस्तकांची चळत होती, ती त्यानं कशीबशी सावरली. तिच्या हातात मात्र एकच पुस्तक होतं, तेही पाठीतून पार उसवलेलं. त्याची पानं पायऱ्यापायऱ्यांवर पसरली.

"बाइंडरमामा कुठे आहेत?" वाकून पानं गोळा करत तिनं विचारलं.

"त्यांचे गुडघे जिन्याला नाही म्हणतात. मी त्यांचा भाचा."

"भाच्यानं निदान समोर बघून चढावं."

"पुस्तकांमुळे दिसलं नाही."

"नवलच आहे. लोकांना पुस्तकांमुळे दिसायला लागतं."

तो हसला. ती पण हसली, पण खाली मान घालून. मग तिनं सगळी पानं त्याच्या चळतीवर ठेवली. "मुलांचं फार लाडकं पुस्तक आहे हे. दुसरी प्रत आहे माझ्याकडे, पण ही फेकवत नाही. नीट लावून द्या."

"लावतो की."

ती बालविभागाची ग्रंथपाल होती. मुलं तिला पुस्तकमावशी म्हणत. पुस्तकही एका ग्रंथपालबाईचंच होतं... पिवळी छत्री घेऊन घरोघर पुस्तकं पोचवणाऱ्या बाईची चित्रकथा.

घरी येऊन त्यानं पानं जमिनीवर मांडली. पानांवर आकडे नव्हते. आकडे त्याला येत. आकडे, सुई, दोरा आणि खळ, एवढ्यावर बाइंडरचं भागतं. अक्षरं मात्र त्याला येत नव्हती. मामांना विचारलं असतं, तर "त्या बाईंच्याच पुस्तकाला बरा एवढा वेळ लागतो तुला," असं ऐकून घ्यावं लागलं असतं. शेवटी त्यानं चित्रं बघून गोष्ट जुळवली आणि पुस्तक शिवून टाकलं. ते तिच्या कपाटात जाऊन बसलं.

मग दर शनिवारी तो वाचनालयात पुस्तकं शिवायला येऊ लागला. कपाटांच्या मागे त्याचं टेबल, पुढे तिची गोष्ट. छत्रीवाली बाई मुलं पुन्हापुन्हा मागत. त्याला तिथून चित्रं दिसत नसत, फक्त तिचा आवाज ऐकू येई. ऐकूनऐकून गोष्ट त्याला तोंडपाठ झाली.

ती त्याला घरी न्यायला पुस्तकं द्यायची. परत आणली की विचारायची, "कसं वाटलं?"

"छान."

एकदा ती सहज बोलून गेली, "पुस्तकाशिवाय माणसाशी काय बोलायचं, मला सुचतच नाही." त्या दिवशी दाभण त्याच्या अंगठ्यात घुसलं. हिला कळलं तर... एवढं आहे तेही जाईल. पुढे काय बोलणार ही आपल्याशी?

आणि नेमकं तिनंच एका शनिवारी म्हटलं, "माझ्या आवाजाला मुलं कंटाळलीत. पुढच्या वेळी छत्रीवाली बाई तुम्ही वाचा."

नाही म्हणायचं होतं. पण तिनं कानामागे केस सारत त्याच्याकडे असं पाहिलं, की तोंडातून "बरं" निघून गेलं. पाठ तर आहे, त्यानं मनाची समजूत घातली. पानं उलटायची फक्त.

तो शनिवार उजाडला. मुलं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. तो मुलांच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे पार छातीशी.

"माझी प्रत कुणीतरी घरी नेलीय," ती म्हणाली. "ही घ्या. तुम्हीच बांधलेली."

सुरुवात झकास झाली. त्याचा आवाज लागला. ती खिडकीला टेकून ऐकत होती.

"...आणि एके दिवशी बाईंचा पाय मुरगळला," तो म्हणाला आणि पान उलटलं.

"कुठे मुरगळलाय?" पुढचा दात पडलेली एक चिमुरडी म्हणाली. "ती तर कुलूप लावतेय."

त्यानं चित्राकडे पाहिलं. खरंच बाई वाचनालयाला कुलूप लावत होती. त्यानं घाईनं पुढचं पान उलटलं. बाई एकटीच घरी निघाली होती.

"धडधाकट चालतेय की ही."

मुलं खिदळली. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खिडकीपासून ती दोन पावलं पुढे आली, पानाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

कळलं हिला.

आता थाप मारायची तरी कोणती? त्यानं पुस्तक मांडीवर उघडंच ठेवलं. "मला वाचता येत नाही," तो म्हणाला. मुलांना म्हणाला, पण ऐकवलं तिला.

मग ती चिमुरडी म्हणाली, "मला पण नाही येत. चित्रं बघून सांगा ना."

त्यानं सांगितली. त्याच्या गोष्टीत बाई कुलूप लावून एकटी निघाली, अंधारात तिचा पाय मुरगळला, आणि शेवटच्या पानावर सगळं गाव तिच्या खाटेभोवती बसून तिला पुस्तकं वाचून दाखवू लागलं.

मुलं गेल्यावर तो सामान पिशवीत भरू लागला.

"मी विचारायचे, कसं वाटलं," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "आणि तुम्ही दर वेळी छान म्हणायचात."

"बांधणीबद्दल सांगत होतो."

तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "ते पान शेवटी का लावलंत? खऱ्या गोष्टीत तिचा पाय बरा होतो. मग ती कुलूप लावून एकटीच घरी जाते, तो शेवट."

"मला काय माहीत? वाटलं... सगळ्यांना पुस्तकं हीच पोचवते. हिला कुणी वाचून दाखवलं, तर ते शेवटीच यायला हवं. त्याच्यापुढे आणखी काय असणार?"

ती त्या पानावरून उगाच हात फिरवत राहिली.

"उसवून नीट लावून देतो," तो म्हणाला. "मग येणार नाही."

"हात लावाल तर बघा." तिनं पुस्तक छातीशी धरलं. "मला... कुणी वाचून दाखवल्याला किती वर्षं झाली, आठवत नाही. हे तुम्ही वाचायचं. मला. असंच, याच क्रमानं."

"फार वेळ लागेल हो."

"परत करायची तारीख मीच टाकते इथे."

ती शेजारच्या बुटक्या खुर्चीत बसली. पुस्तक मिटून तिनं मुखपृष्ठ वर केलं, त्याचं बोट धरलं आणि नावातल्या पहिल्या अक्षरावर नेलं.

"खळ आहे बोटाला," तो पुटपुटला. "चिकटेल."

"चिकटू दे," ती म्हणाली. आणि बोट सोडलं नाही.