वीनाचा वाटा

सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, किती उंचीवरून ओतावी, यावरून माझं आणि माझ्या दाजींचं तेहेतीस वर्षं भांडण चाललं होतं. आम्ही उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियातले लोक बाटली डोक्याच्या वर धरतो आणि पेला मांडीपाशी. धार पेल्याच्या आतल्या कडेवर आपटून फुटली पाहिजे, फेसाळली पाहिजे. दाजी पूर्वेकडच्या बास्क मुलखातले. त्यांच्याकडे पिंपाच्या भोकातून सायडर उडते आणि माणूसच पेला घेऊन तिच्या वाटेत जातो.

"तुम्ही लोक ओतत नाही, नाचता," दाजी म्हणायचे.

"आणि तुम्ही गाय पिळायला बसल्यासारखे पिंपापुढे वाकता."

माझं नाव सेवेरिनो. सगळी नोकरी सायडरच्या प्रयोगशाळेत गेली. आंबटपणा किती, अल्कोहोल किती, बाटलीत भरली किती. हे सांगायचं कारण एवढंच, की मोजमापात मी सहसा चुकत नाही.

माझी थोरली बहीण एतेल्विना, घरची वीना, इन्याशियोदाजींशी लग्न करून त्यांच्या गावी, अस्तिगारागाला गेली. तेव्हापासून दर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं गाडी काढून यायची. मी माझ्या बागेची नवी सायडर काढायचो, दाजी त्यांची आणायचे, आणि शिवाय एक परमुलखातली. कधी इंग्लंडातल्या हेरफर्डची, चहा जास्त उकळल्यासारखी तुरट. कधी फ्रान्समधल्या ब्रिटनीची, तबेल्याचा वास असलेली पण प्यायला बसलं की सोडवत नाही अशी. त्या तिसऱ्या बाटलीला आम्ही 'पाहुणी' म्हणायचो.

चार दगडी खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या लाकडी कोठाराखाली, सावलीत, तिघं बसायचो. पेला एकच. रीतच तशी आहे. ओतलेलं एका दमात प्यायचं, तळाशी घोटभर ठेवायचं, ज्या कडेला ओठ लागले त्या कडेवरून ते जमिनीवर फेकायचं आणि पेला पुढे द्यायचा.

निकाल वीनाने द्यायचा. ती पिताना आम्ही पाठ करून बसायचं. "तुमची आशाळभूत तोंडं बघितली की मला चवच कळत नाही," म्हणायची. मग आम्ही वळलो की हात पुसत उठायची. "दोन्ही चांगल्या आहेत. चला जेवायला." तेहेतीस वर्षांत तिने एकाचं नाव घेतलं नाही.

ती जाऊन चौदा महिने झाले होते.

रक्षा दाजींच्या स्वयंपाकघरात, फडताळावर होती. मला ती इथे हवी होती, तिच्या मातीत. दाजी हलायला तयार नव्हते. फोनवर एकदा माझ्या तोंडून गेलं, "दाजी, तिला तिकडे कधी करमलंच नाही." त्यांनी फोन ठेवला. सात महिने बोलणं बंद. एप्रिलच्या शेवटी पोस्टकार्ड आलं, चार शब्दांचं. 'रविवारी येतो. बाटल्या घेऊन.'

आले तेव्हा वाळलेले दिसले. पुढच्या सीटवर कलश होता, आणि त्याला सीटबेल्ट लावलेला.

"नाही लावला तर गाडी ओरडत बसते," ते म्हणाले.

दोन किलोच्या वजनाला गाडी काही ओरडत नाही.

"मेव्हण्या, भांडायला आलेलो नाही. आधी पिऊ. मग बोलू."

कोठाराखाली मी चीज आणि सायडरमध्ये शिजवलेले सॉसेज मांडले. बाग फुलावर होती. माझी बाटली मी उघडली. यंदाची हिरव्या सालीसारखी लागत होती, करकरीत, आणि गिळल्यावर मागून ओल्या गवताचा वास येत होता.

"बरी झालीय," दाजी म्हणाले. "तुझी असूनही."

त्यांना एक, मला एक. त्यांना एक, मला एक. बाटली संपली.

मी बाटली उजेडात धरली. सातशे मिलिलिटर. आमच्या एका ओतण्यात एकशेपंधराच्या आसपास जातं. सहा निघायला हवेत.

"हात म्हातारा झाला तुझा," दाजी म्हणाले. "जास्त ओततोयस."

मग त्यांची बाटली. ती त्यांनी ओतली, खांद्याच्या उंचीवरून, नाचल्याशिवाय. आमच्यापेक्षा कोरडी आणि तिखट, व्हिनेगरच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पाय मागे घेणारी. आवडली मला, पण मी तोंड वाकडं केलं. त्यांची बाटली पाऊण लिटरची. तीही चौथ्या पेल्याला संपली.

या वेळी दाजींनीच बाटली उजेडात धरली.

पाहुणी नॉर्मंडीची होती. तारेने बांधलेलं बूच, भट्टीत भाजलेल्या सफरचंदाचा गोडवा, नाकात जाणारे बुडबुडे. ती मी मुद्दाम त्याच मापाने ओतली आणि मोजली. तीन त्यांचे, तीन माझे, वर बोटभर उरली. म्हणजे हात बरोबर होता.

मी खाली बघितलं. माझ्या पायाशी जमीन भिजलेली होती, तळाचे घोट मी फेकले तिथे. दाजींच्या पायाशीही. आणि पलीकडच्या खांबापाशी, जिथे आम्हा दोघांपैकी कुणाचाच हात पोचत नव्हता, तिसरा डाग होता. त्यातला फेस अजून मरत होता.

"दाजी, ते कुणी फेकलं?"

ते वाकून डागाकडे बघू लागले. "मी ओतून देत होतो," ते हळूच म्हणाले. "तुला दिला, मी घेतला, मग हात आपला सवयीने वीनाच्या जागेकडे जायचा. बोलण्याच्या नादात. पेला रिकामा परत यायचा. मला वाटलं, तू घेतोयस."

"माझी बाटली ओतताना माझंही तेच झालं. मला वाटलं, तुम्ही."

पलीकडच्या माळावर कुणाच्या तरी गाईची घंटा वाजत होती. भर दुपारचे साडेतीन वाजले होते.

"दुसरी काढ," दाजी म्हणाले. "तुझी एक. माझी पण आहे गाडीत. तिलाच विचारू."

"काय विचारायचं?"

"कुठं राहायचंय ते."

मी हसायला हवं होतं. उठून बाटली आणली.

पहिला पेला दाजींनी घेतला, दुसरा मी. तिसरा भरून मी त्या खांबाच्या दगडावर ठेवला आणि आम्ही दोघे पाठ करून बसलो, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्यासारखे.

"वीना," मी म्हणालो, "आईने लावलेल्या झाडाची आहे हं ही."

"ए, मतदाराला फूस लावायची नाही!" दाजींनी मला कोपर मारलं. मग आवाज खाली आणला. "आणि तू माझं मन राखायला म्हणून पिऊ नकोस. मला चालेल काहीही. मनापासून सांगतो."

मधमाश्यांचा आवाज होता. तेवढाच.

मग मागे जमिनीवर घोट पडल्याचा आवाज झाला. छप्प.

दाजींनी माझं मनगट पकडलं.

वळलो. पेला दगडावर होता. रिकामा. एक कड ओली.

आम्ही पुन्हा प्यायलो, पुन्हा ठेवला, पुन्हा पाठ केली.

छप्प.

माझ्या बाटलीतले दोन तिने घेतले.

दाजींची बाटली. ती त्यांनी माझ्याकडे दिली आणि ओतली मी, त्यांच्या पद्धतीने, खांद्यावरून. भांडलो नाही.

त्यांच्यातलेही दोन.

बाटलीच्या तळाशी थोडी होती, ती पाचव्यांदा ठेवून बघितली. पाच मिनिटं थांबलो. पेला तसाच राहिला. फेस विरला, सायडर शिळी झाली.

"झालं तिचं," दाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते हसत होते. "तेहेतीस वर्षं, सेवेरिनो. मेल्यावरसुद्धा बाई नाव घेत नाही!"

"अर्धी तुमच्याकडे, अर्धी इथं," मी म्हणालो.

हे मला चौदा महिन्यांपूर्वी सुचायला हवं होतं. 'करमलं नाही' म्हणालो त्याबद्दल मी माफी मागितली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि हात तिथेच ठेवला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी माझा जुना तराजू काढला. वाटणी करायची तर नीट करावी. कलशाच्या झाकणावरची चिकटपट्टी दाजींनी तपासली. दहनगृहाचा शिक्का तसाच, कुठे उचकटलेला नाही. सोबतच्या कागदावर वजन होतं, दोन हजार एकशे चाळीस ग्रॅम. पट्टी मी स्वतः चाकूने कापली आणि रक्षा पारड्यात काढली.

तराजू एक हजार सत्तरवर थांबला.

मी एक किलोचं प्रमाण वजन ठेवून तराजू तपासला. बरोबर होता. पुन्हा मोजलं. एक हजार सत्तर. बरोबर निम्मी.

दाजी खुर्चीत बसले. "रोज पुसायचो मी तो," ते म्हणाले. "रोज सकाळी. बोलायचो पण तिच्याशी. कुणी हात लावलेला नाही, मेव्हण्या."

"ठाऊक आहे मला, दाजी."

होतं तेवढं आम्ही ऊन उतरायच्या आत बागेत पुरलं. माती दाजींनी हातांनी सारली, मला फावडं घेऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले तेव्हा हलके दिसले, बरीच वर्षं उतरल्यासारखे. मी त्यांच्या डिकीत सहा बाटल्या ठेवल्या.

बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला. मी जेवायलाच बसत होतो.

"इकडे सकाळपासून पाऊस लागलाय," ते म्हणाले. मागे तो ऐकू येत होता, पानांवर पडणारा. ते बाहेर उभे होते. "स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर सफरचंदाचं झाड आहे ना, त्याच्या खाली एक जागा आहे. गवत दबलंय. कुणी बसून उठावं तसं."

"कुत्रं बसलं असेल."

"असेल," ते म्हणाले. "गवताचं मूळच वाकलंय रे तिथं. एक-दोन दिवसांचं नाही हे. वर्षभराचं तरी असेल. मी आत फडताळाशी बोलत बसायचो आणि ही…"

चिखलात त्यांची पावलं वाजली.

"हात लावून बघितला मी. सगळीकडे चिखल आहे, सेवेरिनो. तेवढीच जागा कोरडी आहे."

मी तेच विचारलं जे माझ्यासारखा माणूस विचारेल. "गार आहे की ऊबदार?"

पाऊस ऐकू येत राहिला. गुडघे मोडून खाली बसताना म्हातारा माणूस कण्हतो, तसा एक आवाज आला. मग फोन तोंडापासून लांब गेला असावा, कारण पुढचे शब्द बारीक आले आणि ते मला उद्देशून नव्हते.

"सरक थोडी," दाजी म्हणाले.