भिंगातला पांढरा ठिपका

कॅमेऱ्याची भिंगं साफ करून देणाऱ्या म्हाताऱ्याचा देह नुकताच त्याच्या दुकानातून उचलून नेला होता. टेबलावरचा दिवा मात्र कुणी मालवला नव्हता. त्याच्याखाली जुन्या कॅमेऱ्याचं एक भिंग सगळ्यांकडे टक लावून बसलं होतं.

“डोक्यात मागून घाव,” फौजदार म्हणाले. “दार एकच. समोरच्या शिंप्याने दिवसभरात दोघांनाच आत जाताना पाहिलं. पुतण्या तीनला निघून गेला, मुलगी पाचला आली. शेवटची आत गेली ती हीच, म्हणून मुलीला नेतोय मी.”

मुलगी कोपऱ्यात उभी होती. तिनेच वहिनींना निरोप धाडला होता. वहिनी खासगी तपास करायच्या, आणि त्यांच्यामागून त्यांचे दीर यायचे, पाट्या रंगवणारे पेंटर. पेंटरांची नजर तेज, डोकं मात्र बैलगाडीने चालणारं.

पुतण्या न विचारताच बोलू लागला. “मी निघालो तेव्हा काकांनी हे मळकं भिंग हातात घेतलं होतं. दोन तासांचं काम. आता बघा, लख्ख झालंय! म्हणजे पाचपर्यंत काका जिवंत होते.”

“तुम्हीही हेच काम करता?” वहिनींनी विचारलं.

“छे! माझं नव्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. या जुन्या भानगडीत कोण पडतं?”

वहिनी मुलीकडे वळल्या. “एवढ्याशा काचेला दोन तास?”

“तिच्यावरच्या लेपामुळे. बाबा म्हणायचे, जुना लेप दुधावरच्या सायीसारखा असतो. रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग ओला कापूस नुसता टेकवत राहायचं.” तिने कपाटाकडे बोट केलं. “काल फार चिडले होते. गिऱ्हाइकांच्या दोन डब्यांत भलतीच भिंगं निघाली.”

पेंटर भिंगावर वाकले होते. “वहिनी, कडेला जांभळी झाक काय झकास पडलीय! मधोमध मात्र पांढराफटक ठिपका. रंग उडाल्यासारखा.”

वहिनींनी कपाटातलं एक धुळकट जुनं भिंग पुतण्यापुढे ठेवलं. “जरा साफ करून दाखवता?”

पुतण्याने काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि खिशातून रुमाल काढला.

“दादा, पुसू नकोस!” मुलगी किंचाळली. तिने त्याचं मनगट धरलं.

“जांभळी झाक लेपाची,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “पांढरा ठिपका म्हणजे तिथला लेप गेला. टेबलावरचं भिंग कुणीतरी घासून पुसलंय. दोन तास नाही, दोन मिनिटांत. तीनच्या आधीसुद्धा ते उरकता येतं.”

“घाईत मुलीनेच पुसलं असेल,” पेंटर म्हणाले.

“भावोजी, ते पाचपर्यंत जिवंत होते असं दाखवून ती स्वतःच्याच गळ्यात फास कशाला अडकवेल? फायदा एकट्या ह्यांचा. गिऱ्हाइकांची भिंगं बदलून विकली, काकांनी पकडलं, ह्यांनी घाव घातला. मग वेळ पुढे ढकलायला भिंग पुसलं. आणि इथे आम्ही न विचारताच ह्यांनी वेळेचं गणित सांगितलं. चोराच्या मनात चांदणं!”

पुतण्याचा चेहरा उतरला. “सगळी भिंगं अशीच पुसतात,” तो पुटपुटला.

मुलीने मनगट अजून सोडलं नव्हतं. “बाबांनी तुला दहा वेळा सांगितलं होतं, दादा. एकदा तरी ऐकायचं होतंस.”

फौजदारांनी ते मनगट तिच्या हातातून आपल्या हातात घेतलं.