दुपारी विणणारी सून

"नेल्वा... हे काय आहे?"

आउरिस्तेलाबाईंच्या हातात गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट होतं. टोपीच्या काड्यांच्या जुडीत नेल्वाने इतकं खोल खुपसलेलं ते सासूबाईंच्या हाती लागलंच कसं?

पिले गावात पानांच्या बारीक काड्यांची टोपी विणायची ती पहाटेच, धुक्याने काडी मऊ असते तोवर. ऊन चढलं की ती कडाकड मोडते. आणि गेले चार महिने ही सून भर दुपारी टोपीच्या लाकडी ठोकळ्यावर ओणवी होत होती! "आल्या महाराणी!" हे सासूबाईंचे रोजचे टोमणे तिने मुकाट गिळले, पण पहाटे आपली बोटं मिटतच नाहीत, कॉफीचा कपही धरवत नाही, हे तिने नवऱ्याला, विल्तेरलाही, कळू दिलं नव्हतं.

"बोल ना! मुकी झालीस?"

"संधिवात आहे, आई... सांधे आतून खाणारा. लगेच औषध घेतलं नाही तर बोटं कायमची वाकडी होतील म्हणाले डॉक्टर."

"मग घेतलं का नाहीस, वेडे?"

नेल्वाचा बांध फुटला. "या गोळ्या चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही! आणि तुम्ही नातवासाठी इवलीशी टोपी विणून खुंटीला लावलीत... ती मी रोज बघते, आई!"

आउरिस्तेलाबाई तिच्याजवळ खाली बसल्या.

"माझ्या आईचे हात असेच गेले गं... पहाटे उठत नाही म्हणून बापाने तिला आळशी ठरवलं, मीही त्याचीच री ओढली. शेवटी घास मी भरवायचे तिला! आणि तरी मला कळलं नाही... रोज तुझी सैल वीण चाचपून तुलाच बोल लावत राहिले!"

त्या उठल्या. खुंटीवरची टोपी त्यांनी पेटीत ठेवली आणि पाण्याचा पेला आणला.

"कशा घ्यायच्या?"

"आठवड्यातून एकदाच... पण विल्तेर?"

"त्याला मी सांगते. नातू थांबेल, पोरी. बोटं नाही थांबायची. पुढचं डॉक्टरांना विचारू."

नेल्वाने गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भीतभीतच ठोकळ्याकडे आली, तर तिच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या! फडकं नुकतंच पिळलेलं होतं. पहाटेपासून कुणीतरी ते पुन्हा पुन्हा भिजवत होतं...